कपबशांची न्हाणी

आमच्या नणंदबाई खोटं बोलायच्या असं मी म्हणणार नाही. नणंदेबद्दल असं बोलून कुठली भावजय सुखानं नांदलीय? त्यांची जीभ तेवढी त्यांच्यापेक्षा वयानं मोठी होती आणि बाहेर पडताना ती त्यांना विचारून पडत नव्हती, एवढंच.

माझं माहेर तेरखेड्याचं. फटाक्याच्या गावात जन्मलेल्या माणसाचं बोलणं थोडं आवाजी असतं. तेव्हा पुढं जे सांगतेय त्यातले चार आणे तुम्ही खुशाल वजा करा. उरलेले बारा आणे माझ्या डोळ्यांसमोर घडलेत, आणि त्यातले निम्मे तर माझ्याच हातानं.

बहात्तरचा दुष्काळ होऊन दहा-बारा वर्षं झाली होती आणि त्याचा धाकटा भाऊ आमच्या गावात मुक्कामाला आला होता. भूमच्या बाजूचं आमचं गाव. ढग डोंगरावर यायचे, आमच्या शिवाराकडं एकदा बघायचे आणि ओळख नसल्यासारखं तोंड फिरवून बार्शीकडं निघून जायचे. आमची म्हैस पोहायचं विसरली होती. शेजारच्या तीन वर्षांच्या पोराच्या अंगावर एकदा चुकून चार थेंब पडले, तर ते "आये, कोन थुकलं?" म्हणत घरात पळालं. गावात पाणी नव्हतं, पण सहकार भरपूर होता. दुधाची सोसायटी, खताची सोसायटी, आणि साखर कारखान्याचे सभासद तर असे, की ज्यांच्या रानात उसाचं कांडं उगवलं नव्हतं तेसुद्धा शर्टाच्या खिशाला पेन लावून वार्षिक सभेला जायचे. आमचे मालक दूध सोसायटीचे सेक्रेटरी. त्या साली सोसायटीत दूध कमी आणि सेक्रेटरी जास्त होते, तरी गावात मान होता.

पाण्याचं म्हणाल तर एक दिवसाआड टँकर यायचा आणि गावाबाहेरच्या विहिरीत ओतून जायचा. ते आम्ही बाया शेंदायचो. अंघोळ करायची ती बाजेवर बसून, बाजेखाली परात ठेवून. परातीतलं पाणी धुण्याला, धुण्याचं म्हशीला, आणि म्हशीकडून जे परत मिळायचं त्यावरही आमच्या सासूबाईंची, म्हणजे आत्याबाईंची, बारीक नजर असायची.

या दुष्काळानं गावाला एक नवी खोड लावली. रांगेत माणूस उभं राहत नव्हतं, भांडं उभं राहत होतं. आदल्या दिवशी घागर ठेवून यायची आणि नंबर आला की जाऊन घ्यायची. हळूहळू हातांना सवयच जडली. कुठंही एकामागं एक दोन भांडी दिसली की बाई तिसरं ठेवायची, आणि कशाची रांग हे मागनं विचारायची. एकदा कल्हईवाल्यानं झाडाखाली भांडी मांडली, तर तासाभरात त्यामागं देवळापर्यंत घागरी लागल्या. बिचारा कल्हईवाला भात्यावर हात ठेवून रडकुंडीला आला.

अशा साली नणंदबाईंचा पहिला दिवाळसण आला. उन्हाळ्यात त्यांना सोलापूरला दिली होती. जावई गिरणीत होते, माणूस मऊ. पण त्यांची आई, आमच्या विहीणबाई! त्यांच्या मोरीत नळाच्या मागं पोळपाटाएवढ्या जागेत पांढऱ्या गुळगुळीत फरशा बसवल्या होत्या, आणि त्या फरशांवर त्यांचं अख्खं आयुष्य उभं होतं. पाव्हण्याला चहाच्या आधी मोरी दाखवायच्या.

वसुबारसेला नणंदबाई एसटीतून उतरल्या त्या थेट माझ्या चुलीपुढं येऊन बसल्या. मी करंज्या भरत होते.

"वैनी," त्या म्हणाल्या, "म्या एक बोलून बसले."

"कुनाला?"

"सासूला. आपल्याकडं बाथरूम हाय म्हनून."

"हाय की. पोत्याचा पडदा लावलेलं."

"त्याच्या चारी भितींना फरशी हाय म्हनलं."

माझ्या हातातली करंजी फुटली.

"आन् नळ हाय म्हनलं."

मी सांडलेलं सारण गोळा करायला लागले. तशा त्या घाईनं म्हणाल्या, "फवारा हाय म्हनले न्हाय हां! तोंडावर आला हुता, पर गिळला."

झालं होतं असं. विहीणबाईंनी गल्लीतल्या बायकांपुढं म्हटलं, "आमच्या सूनबाईचा पाय सारखा घसरतोय की मोरीत. फरशीची सवय न्हाय, खेड्यातली हाय बिचारी." त्या 'बिचारी'वर नणंदबाईंचा तोल गेला आणि जीभ उंबरा ओलांडून गेली. विहीणबाईही कच्च्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "व्हय का? मग दिवाळसणाला लेकासंगं मीच येते की. तुळजापूरला जायचंच राहिलंय, देवीचं दर्शन करून तुमचं बाथरूम बी बघून होईल."

"धनतेरसला संध्याकाळच्या गाडीनं येनार हायेत," नणंदबाई म्हणाल्या. "खोटं निघालं तर वैनी, त्या गल्लीत मला जलमभर मान वर करता येनार न्हाय. रोज सकाळी बादली हातात देताना सासू आठवन काढंल." आणि त्यांच्या डोळ्यांतून टपाटपा पाणी गळायला लागलं. त्या दुष्काळात एवढं पाणी वाया जाताना बघून माझा जीव कळवळला. भांडखोर होती, पण पोर चांगली होती.

आता आमची न्हाणी कशी होती ते सांगते. गोठ्याच्या उंच भिंतीला टेकून दोन्ही बाजूंना खांद्याएवढ्या मातीच्या भिंती. समोर अर्धी भिंत आणि उरलेल्या अर्ध्यात साखरेच्या पोत्याचा पडदा. खाली एक शहाबादी दगड, ज्याचा एक कोपरा असा हलायचा की अंघोळ करणारा माणूस घोड्यावर बसल्यासारखा दिसायचा. डोकं बाहेर राहायचं. त्यामुळं रस्त्यानं जाणारा थांबून आत अंघोळ करणाऱ्याशी सुखदुःखाच्या गोष्टी बोलायचा. आमच्या मालकांनी निम्मा सहकार त्या न्हाणीतनंच चालवला होता.

मालकांना सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "दोन दिसात पाडून नवी बांधायची म्हन्ता?"

"पाडायचं कायबी न्हाय," मी म्हटलं. "म्हातारीला लग्नाला न्यायची तर तिला कुनी नवी करतं का? लुगडं बदलत्यात. तसं न्हाणीला लुगडं नेसवायचं."

स्टँडवरच्या हॉटेलच्या मागं फुटक्या कपबशांचा ढीग होता. त्या हॉटेलात इतकी कपबशी फुटायची की लोक चहा प्यायला येतात का फोडायला, असा प्रश्न पडावा. मी आणि नणंदबाई डोक्यावरून पाट्या भरभरून आणत होतो. हॉटेलवाल्यानं विचारलं, "वैनी, ह्याचं काय करनार?" मी म्हटलं, "कोंबड्यांना." तो अजून विचार करत असेल.

सिमेंट त्या वेळी परमिटवर मिळायचं. आम्ही अर्ज केला असता तर नातजावयाच्या दिवाळसणाला मिळालं असतं. आत्याबाईंनी चुना भिजवला, त्यात वाळू, गूळ आणि बेलफळाचा गर घातला, आणि डाळ धुतलेल्या पाण्यात कालवला. त्या लगद्याचा असा खमंग वास सुटला, की मालकांनी बोट लावून चाटून बघितलं. मग आम्ही तिघी भिंतीला भिडलो. बशीचा सोनेरी काठ वर, निळं फूल मधे, पांढरा तुकडा शेजारी. पाव बशी, अर्धी बशी, कपाचं बूड. काही कपांचे कान शाबूत होते, ते मी ओळीनं भिंतीतून बाहेर काढून ठेवले, खुंटीसारखे. कासाराकडून फुटक्या बांगड्या आणल्या आणि कडेनं त्यांची हिरवी-लाल किनार केली. धनतेरसच्या दुपारी उन्हाची तिरीप आत आली तेव्हा ती न्हाणी अशी लखलखली, की शेजारची कोंबडी पहाट झाली समजून खाली उतरली. हे चार आण्यांतलं समजा हवं तर.

छत नव्हतंच. मग माझ्या माहेराहून फटाक्यांना गुंडाळायचे रंगीत कागद आले. मांडवाला लावतात तशा दोऱ्या ओढून मी त्यांचं गुलाबी-हिरवं छत केलं. आत्याबाई खालून वर बघत म्हणाल्या, "त्या कागदास्नी दारू लागली न्हाय न्हवं? बंबाची ठिणगी उडाली तर जावई थेट सोलापुरात पोचंल."

"कोरे हायेत, आत्याबाई."

"तुज्या माहेरचं कायबी कोरं नसतंय," त्या म्हणाल्या.

तरी त्यांनीच पेटीतलं आपलं इरकल लुगडं काढून दिलं. पोतं गेलं आणि तिथं रेशमी काठाचा पडदा झुलला. दूधगाडीचा तडकलेला आरसा भिंतीत बसला. त्यात माणूस दोन ठिकाणी दिसायचा, म्हणजे गर्दी वाटायची, श्रीमंती वाटायची. आत्याबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आता हितं अंघुळ करायची का आरती?"

राहिला नळ. तो मालकांनी भूमच्या बाजारात भंगारवाल्याकडून आणला. पितळी, जाडजूड, चावी फिरवली की करकर ओरडणारा. तो गोठ्याच्या भिंतीत बसवला. त्याचं शेपूट, म्हणजे वीतभर पाइप, भिंतीतून आरपार गेलं आणि गोठ्यात म्हशीच्या तोंडासमोर निघालं. त्यापुढं काही नव्हतं. नळ भिंतीला होता तसा माझ्या कानात डूल होता, शोभेला.

आणि मग मी ती गोष्ट केली. नळ एकटा बरा दिसेना, म्हणून मी पितळी घागर चिंचेनं घासून लखलखीत केली आणि त्याच्या खाली ठेवली. भरलेला देखावा दिसावा म्हणून अजून एक तांब्याची कळशी घेतली आणि घागरीच्या मागं, पडद्याच्या बाहेर ठेवली.

नळ. त्याखाली घागर. घागरीमागं कळशी.

मी करंज्या तळायला गेले. परत येऊन बघते तर कळशीमागं शेजारणीचा हंडा. हंड्यामागं तपेलं. तपेल्यामागं डालड्याचे डबे, एक बादली, आणि एका धोरणी बाईनं तर रांजणच लोटत आणला होता. रांग कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली होती.

"अवो, कशाला ठिवलीत भांडी?" मी शेजारणीला विचारलं.

"लपवू नगा आता," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "सेक्रेटरीच्या घरी नळ आला, आन् आमी इच्यारायचं बी न्हाय?"

"तसं न्हाय वो..."

"मग कसं? हा नळ न्हाय?"

काय सांगणार? नळ खोटा म्हणावं, तर संध्याकाळी विहीणबाई स्टँडवर उतरणार, आणि गाव त्यांना माझ्या नणंदेची अब्रू गरम भज्यांबरोबर वाढणार. नळ खरा म्हणावं, तर पाणी कुठाय? मी नणंदबाईंकडं बघितलं. त्यांचं तोंड चुन्यासारखं झालं होतं. तेवढ्यात मालक सोसायटीतून आले, बायांनी त्यांना घेरलं, आणि घेरलेला सेक्रेटरी जे बोलतो तेच ते बोलले, "उद्या सकाळी."

झालं! जिनं अजून भांडं आणलं नव्हतं ती पळत सुटली. शेजारच्या वाडीवरचेसुद्धा डबे आले.

संध्याकाळची एसटी आली. विहीणबाई हिरवं लुगडं, हातात वळकटी आणि कपाळाला देवीचं कुंकू अशा उतरल्या, मागं जावई पेढ्याचा पुडा सांभाळत. मी आणि नणंदबाई स्टँडवर गेलो होतो. रांग स्टँडच्या लिंबाखालपर्यंत पोचली होती. विहीणबाई थांबल्या. त्यांनी त्या भांड्यांकडं बघितलं. त्यांची मान थोडी तिरकी झाली, डोळे बारीक झाले, आणि पुढं जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांनी वळकटी सोडली, त्यातून प्रवासातला तांब्या काढला आणि मुकाट्यानं शेवटच्या डब्यामागं ठेवला.

मग त्यांनी विचारलं, "कशाची रांग हाय की?"

"आमच्या बाथरूमची," नणंदबाई पुटपुटल्या.

जावई खुदकन हसले. विहीणबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं, की त्या माणसानं हसू पेढ्याच्या पुड्यात घातलं. पण तांब्या काही त्यांनी उचलला नाही. उलट मागं डबा ठेवायला आलेल्या बाईला बजावलं, "हा आमचा नंबर हाय हां बाई. म्या देवीला जाऊन आलीय."

घरी आल्यावर त्यांनी पाय धुतले नाहीत की पाणी घेतलं नाही, सरळ न्हाणीकडं. पडदा बाजूला केला. आत कंदील टांगला होता, बांगड्यांचे तुकडे चमकत होते. त्या वाकून, बोट फिरवून एकेक तुकडा बघत होत्या. "ह्या फरशा वेगळ्याच हायेत की," त्या म्हणाल्या.

"फुलांच्या हायेत," मी म्हटलं. "लई लांबनं आणल्यात." स्टँड आमच्या घरापासून लांबच होता.

"आन् नळ?"

"सकाळी येतंय पानी. पहाटेच."

"बरं. मग लेकाची अंघोळ नळाखालीच," विहीणबाई म्हणाल्या. "फोडणीच्या आधी मोहरी बघावी लागती, तसा नळ बी बघून घ्यावा."

पहाटे अभ्यंगाची वेळ झाली. अंगणात रांगोळी, बंबात जाळ, आणि न्हाणीच्या बाहेर अख्खं गाव आपापल्या भांड्यामागं उभं. आज भांड्याबरोबर माणूसही होतं. बाजूच्या भिंती खांद्याएवढ्याच असल्यामुळं सगळ्यांना सगळं दिसत होतं. जावई हाफ चड्डीवर पाटावर बसले, बिचारे लाजून अर्धे झाले होते. आत्याबाईंनी तेल चोळलं, नणंदबाईंनी उटणं लावलं, मी तेरखेड्याची फुलबाजी पेटवली.

तिकडं गोठ्यात आमचे मालक घमेलंभर पाणी आणि रॉकेलचं नरसाळं घेऊन पाइपापाशी दबा धरून बसले होते. ठरलं असं होतं की मी खोकले की त्यांनी ओतायचं.

विहीणबाईंनी चावी धरली. नळ करकरला. मी खोकले.

नळातून पाणी आलं.

गावानं जी आरोळी ठोकली ती भूमपर्यंत गेली असणार. कुणी हळदकुंकू उधळलं, पाठीमागच्या कुणाला काही दिसत नव्हतं तरी तोही ओरडला. जावयांच्या डोक्यावर धार पडत होती. नणंदबाई तर अशा उभ्या होत्या, की अंघोळ त्यांच्या अंगावर चाललीय असं वाटावं.

विहीणबाईंनी पाणी हातावर घेऊन हुंगलं. "रॉकेलचा वास येतोय की."

"सरकारी औषध टाकत्यात," मी म्हटलं.

"आमच्याकडं बी टाकत्यात," त्या म्हणाल्या. माघार घेतील तर त्या विहीणबाई कसल्या!

तेवढ्यात बंबाच्या वाफेनं वरचे कागद भिजले आणि त्यांचा रंग गळायला लागला. जावयांच्या एका खांद्यावर गुलाबी, दुसऱ्यावर हिरवा. वरून उटणं, साबणाचा फेस. आमचे जावई पंचमीच्या नागोबासारखे रंगीत झाले आणि डोळे घट्ट मिटून म्हणाले, "पाणी घाला की!"

आणि नळ थांबला.

मी खोकले. काही नाही. मी जोरात खोकले. मी अशी खोकले, की रांगेतली एक बाई म्हणाली, "हिला आडुळसा द्या कुनीतरी." भिंतीपलीकडून दबक्या आवाजात "हैक, हैक, अगं सोड" असं काहीतरी ऐकू यायला लागलं. आणि एक लांब, तृप्त, गुटगुट आवाज.

विहीणबाईंनी चावी इकडं फिरवली, तिकडं फिरवली. मग काही न बोलता पडदा बाजूला सारला, वळसा घालून गोठ्यात गेल्या. मी त्यांच्या मागं धावले. आत आमच्या म्हशीनं घमेल्यात कानापर्यंत तोंड घातलं होतं. मालक दोन्ही हातांनी तिची शिंगं ओढत होते, आणि नरसाळं त्यांच्या काखेत होतं.

विहीणबाई बघत राहिल्या. म्हशीनं शेवटचा घोट घेतला, मान वर केली आणि त्यांच्या हिरव्या लुगड्यावर फुर्रकन शिंकली. मालक उभे राहिले आणि सवयीनं म्हणाले, "या, बसा."

संपलं, मला वाटलं. माझ्या पोरीसारख्या नणंदेची मान जन्मभरासाठी खाली गेली. बाहेर रांग कावली होती. "काय झालं? पानी का थांबलं?" असा ओरडा चालला होता. मागून नणंदबाईसुद्धा येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी म्हैस बघितली, सासू बघितली, आणि पदराचं टोक तोंडात घातलं.

विहीणबाई वळल्या. गोठ्याच्या दारात उभ्या राहून सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मोटर तापलीय! थंड हुईस्तोवर थांबा!"

मालकांच्या काखेतलं नरसाळं खाली पडलं.

"बघता काय?" विहीणबाई आम्हाला दबक्या आवाजात म्हणाल्या. "माझा लेक डोळ्यात साबण घेऊन बसलाय. आन् माझा नंबर हाय रांगेत. सोयरीक केलीय, आता तुमचं हसं झालं तर माझं बी व्हतंय की."

तेवढ्यात रस्त्यावर धडधड ऐकू आली. टँकर! सणाचा दिवस, ड्रायव्हरला लवकर रिकामा होऊन घर गाठायचं होतं. तो नेहमीसारखा विहिरीकडं निघाला होता, पण स्टँडपासनं लागलेली भांडी त्यानं बघितली आणि भांड्यांच्या कडेकडेनं गाडी हाकत थेट आमच्या न्हाणीपाशी आणून उभी केली. खाली उतरून म्हणाला, "आज हितं का व्हय? सांगायचं तर आधी." आणि त्यानं नळी सोडली.

पुढचं काय सांगू? हंडे भरले, तपेली भरली, धोरणी बाईचा रांजण भरला. विहीर शेंदायची नाही, दोर ओढायचा नाही, पाणी दारात. "सेक्रेटरीनं शबूद पाळला!" म्हणून लोकांनी मालकांना उचललं. ज्या माणसाच्या काखेला अजून रॉकेलचा वास होता! ड्रायव्हरनं भिंतीवरून नळी आत धरली तेव्हा आमचे जावई अख्ख्या गावासमोर त्या धारेखाली उभे राहिले, हातपाय पसरून, आणि गुलाबी-हिरवा ओहोळ शहाबादी दगडावरून वाहत गेला. एवढ्या पाण्यात त्या साली आमच्या तालुक्यात कुणी अंघोळ केली नसेल. मंत्र्यानंसुद्धा नाही. विहीणबाईंनी आपला तांब्या भरून घेतला. नंबरानं. मधे घुसल्या नाहीत.

सगळं आटोपल्यावर त्या स्वतः अंघोळीला गेल्या. लुगडं, पोलकं, गळ्यातली माळ, सगळं कपांच्या कानांना ओळीनं अडकवलं. आम्ही पडद्याबाहेर उभ्या होतो. आतून आवाज आला, "सूनबाई!"

"जी," नणंदबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज उंदराएवढा झाला होता.

"फरशा म्हंजी कपबशा हायेत. नळाच्या मागं म्हैस हाय."

नणंदबाईंनी पडद्याचा काठ मुठीत धरला. मी फराळाला आणलेली करंजी माझ्या हातातच राहिली.

"पर चारी भितींना हायेत, तेवढं खरं बोललीस. आन् आमच्या फरशीला मेली एक खुंटी न्हाय, कापडं दातात धरावी लागत्यात." भांड्याचा आवाज झाला. मग त्या म्हणाल्या, "गल्लीत इच्यारलं तर म्या सांगीन, बघून आले म्हणून. चारी भिती. फुलाफुलाच्या. पुढचं कुनी इच्यारू नये."

नणंदबाईंनी माझा हात इतक्या जोरात दाबला, की दोन बांगड्या फुटल्या. मान ताठ झाली, नाकातली नथ हलली, डोळ्यांत पुन्हा ते चमकणारं काहीतरी आलं. मला ते ओळखीचं होतं.

"आत्या," त्या पडद्याला तोंड लावून सासूला म्हणाल्या, "ह्ये तर कायच न्हाय. पुढल्या दिवाळीला आमचे दादा तर..."

मी हातातली अख्खी करंजी त्यांच्या तोंडात कोंबली.